जुनेर

दिवाळी हा मुळात हातांचा सण आहे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. एरवी वर्षभर लेखणी, तराजू आणि मोबाईल यांपलीकडे कशालाही न लागणारे हात या चार दिवसांच्या तोंडावर एकाएकी कामाला लागतात. ज्यांना भिंतीत धड खिळा ठोकता येत नाही, तेही कामट्या तासून आकाशकंदील बांधायला बसतात. खळ शिजते, तिच्यातली निम्मी पतंगाच्या कागदाला लागते आणि निम्मी कोपरापर्यंत हाताला. आमच्या हिंगोलीकडे अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात. आपली गवळण शेजारणीच्या गवळणीपेक्षा बुटकी झाली म्हणून पोरी रुसतात. करंजीची कड मुरडण्यापासून दारापुढच्या ठिपक्यांपर्यंत जिकडे पाहावे तिकडे बोटे चाललेली असतात.

आता यातले पुष्कळसे तयार मिळते. कंदील घडी घालून डब्यात येतो, रांगोळीचे छाप येतात, करंज्या तर किलोवर येतात. त्याबद्दल तक्रार करायला मी बसलेलो नाही. तक्रार करण्याचे माझे वय झाले आहे हे खरे. पण फराळाच्या ताटाशेजारी ती शोभत नाही. मला सांगायचे आहे ते एका वेगळ्याच हातकामाविषयी. दिवाळीच्या कामांत त्याची गणना कुणी करीत नाही, त्याला कला म्हणावे असेही कुणाला वाटत नाही. तरी आमच्या घरी त्याचा आरंभ दिवाळीच्या साफसफाईतच होतो.

साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. ट्रंका खाली आल्या की जुने कपडे बाहेर येतात, आणि जुने कपडे बाहेर आले की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, 'देऊन टाका.' दुसरा म्हणतो, 'राहू द्या.' पूर्वी या वादाचा निकाल बोहारीण लावीत असे. ती ओट्यावर बसून एकेक लुगडे उजेडात धरी, नाक मुरडी, पदराची जर नखाने खरवडून पाही, आणि तासाभराच्या घासाघिशीनंतर एक पातेले देऊन गाठोडे उचली. त्यानंतर आठवडाभर घरात हिशेब चाले, की या व्यवहारात फसले कोण? पण बोहारणीच्या दृष्टीस मुळी पडूच दिले जात नसे, असेही एक गाठोडे आमच्या घरी होते. ते आईचे. विरलेली सुती लुगडी, गुडघ्यावर झिजलेली धोतरे, फाटके पंचे असला ऐवज त्यात असे. या ऐवजाला तिचा शब्द 'जुनेर'. त्या जुनेराची ती गोधडी शिवी.

गोधडीला आमच्याकडे वाकळही म्हणतात. ती कशी करतात हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आधी एक बऱ्या अवस्थेतले लुगडे जमिनीवर पसरायचे आणि चारी कोपऱ्यांवर वजने ठेवायची. आमच्याकडे एका कोपऱ्यावर वरवंटा, दुसऱ्यावर पाण्याने भरलेला तांब्या आणि उरलेल्या दोहोंवर जे हाती लागेल ते. त्यावर जुनेराचे थर रचायचे. सगळ्यांत फाटके कापड मध्ये, त्यातल्या त्यात धड असलेले वर. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना बांधायचे, आणि नंतर जाड सुईने कडेपासून धावदोरा घालीत, फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे यायचे. एवढेच. यात कशिदा नाही, नक्षी नाही. पण गंमत अशी, की मधल्या थरात कितीही चिंध्या असल्या तरी चालते. शेकडो टाके त्यांना वरून आणि खालून धरून ठेवतात. ऊब येते तीही नुसत्या कापडाची नव्हे. दोन थरांमध्ये जी हवा कोंडून राहते ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही.

नव्या कापडाची चांगली गोधडी होत नाही, हे मला बरेच उशिरा कळले. नव्या कापडात खळ असते, ते धुतल्यावर आटते, आणि प्रत्येक थर आपापल्या मर्जीने आटला तर गोधडीला सुरकुत्या पडतात. जुनेर हे सगळे आधीच भोगून बसलेले असते. ते शंभरदा धुतलेले असते, आटायचे तेवढे आटलेले असते, त्याचा ताठा गेलेला असतो. टेरीकॉट मात्र म्हातारे होऊनही मऊ होत नाही, आणि त्यात सुई सरळ चालत नाही. त्यामुळे आईच्या गाठोड्यात माझ्या पँटींना कधीच प्रवेश मिळाला नाही.

आखाड्यावर जागलीला जाणाऱ्या गड्यापासून पाळण्यातल्या तान्ह्यापर्यंत सगळ्यांचा संसार एके काळी या गोधड्यांवर चाले. घटस्थापनेच्या आधी त्या धुवायला कयाधू नदीवर नेत. ओली गोधडी एकट्याने पिळता येत नाही. एका टोकाला एक माणूस आणि दुसऱ्या टोकाला दुसरे लागते. आणि दोघांनी एकाच दिशेने पीळ घातला तर पाणी काही निघत नाही. नवराबायकोच्या संसाराला याहून योग्य उपमा मला सुचलेली नाही. पण ती मी घरात कधी बोलून दाखवलेली नाही.

मी गणिताचा मास्तर. आयुष्यभर खडूखेरीज हातात काही धरले नाही. निवृत्त झालो आणि आईची नजर अधू झाली, या दोन गोष्टी साधारण एकाच सुमारास घडल्या. तिचे वय आता ८७ आहे. मोतीबिंदू काढून झाला, चष्मा बदलून झाला. तिला माणसे ओळखू येतात, सुईचे नेढे दिसत नाही. टाका मात्र ती बोटांनी घालते, त्यासाठी तिला डोळे लागत नाहीत. म्हणून रोज सकाळी चहा झाला की मी दहा सुयांत दोरे ओवून उशीच्या कडेला रांगेने टोचून ठेवू लागलो. त्या दहा दोऱ्यांवर तिची दुपार निघे. पुढे मी सुया ओवता ओवता बाजूला बसून शेवटच्या गाठी मारू लागलो, आणि एके दिवशी दुपारी आईचा डोळा लागला तेव्हा तिने अर्धी सोडलेली फेरी मी पुरी केली. जागी झाल्यावर तिने बोटाने टाके चाचपले. "इथून पुढं तुझे आहेत," ती म्हणाली. "लांब आहेत. पण सरळ आहेत." इतके मोजके आणि इतके न्याय्य प्रशस्तिपत्र मी स्वतः कुण्या विद्यार्थ्याला दिल्याचे आठवत नाही.

तेव्हापासून मी शिवतो. प्रथम गल्लीत थोडे हसे झाले. पेन्शनर गृहस्थ ओसरीवर मांडी घालून गोधडी शिवतो आहे हे दृश्य लोकांना नवे होते. पण हिंगोलीच्या माणसाने सुईला हसणे बरे नव्हे. आमच्या तालुक्यातले नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव, इ. स. १२७० हे त्यांचे जन्मसाल मानतात. शिंप्याच्या घरचा हा माणूस भक्तीचा दोरा घेऊन थेट पंजाबपर्यंत गेला. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि तिथेही ते आपला गज, कात्री, सुई विसरलेले नाहीत. हे मी शेजाऱ्यांना एकदोनदा ऐकवले. त्यानंतर त्यांनी हसणे सोडले. मला टाळणे सुरू केले.

आमच्या सौ.चा आक्षेप वेगळा आणि अधिक व्यावहारिक होता. "३०० रुपयांत ब्लँकेट मिळतं," ती म्हणाली. "तुम्ही दोघं मिळून महिनाभर टोचताय." हा हिशेब बिनचूक होता. गणिताच्या मास्तराला तो खोडता येईना, म्हणून मी ब्लँकेटाची माहिती काढायला लागलो, आणि तेव्हा जे कळले त्याने मी थक्क झालो. मराठी माणसाला पानिपत म्हटले की १७६१ सालच आठवते. परंतु आजचे पानिपत हे जगाच्या जुन्या कपड्यांचे मोठे माहेरघर आहे. देशोदेशींनी टाकलेले लोकरी कोट, स्वेटर, मफलर तिथे गाठोड्यांनी येतात. बायका त्यांची बटणे आणि चेनी काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात. मग यंत्रे ते कपडे फाडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत करतात आणि त्या सुताची स्वस्त ब्लँकेटे विणली जातात. पूर किंवा भूकंप झाला की अशीच ब्लँकेटे वाटतात.

म्हणजे बाजारातले स्वस्त ब्लँकेटही पुष्कळदा जुनेरच! त्याला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. थंडीत कुडकुडणाऱ्याला ते गोधडीइतकेच उबदार, आणि टाकलेले कापड कामी लागते ते वेगळेच. फरक एवढाच, की ते कुणाचे जुनेर हे आपल्याला कधीच कळायचे नाही. आईच्या गोधडीवर मात्र बोट ठेवून सांगता येते. ही इरकली कड मोठ्या मामीची. हा निळा चौकडा माझ्या शाळेच्या सदऱ्याचा. हे फिकट हिरवे लुगडे दंड घालून दोनदा वापरलेले, ज्या वर्षी पाऊस नव्हता त्या वर्षीचे. आमच्या घरात कुणी रोजनिशी लिहिली नाही, आणि जुने फोटोही फार नाहीत. जे काही आहे ते या पांघरुणांत आहे. सौ.ला मी हे सारे समजावून सांगितले. ती म्हणाली, "मग दोन्ही असू द्या," आणि ब्लँकेट घेऊन आली.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आमची लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आली. बाळासाठी दुपटे हवे होते. दुपट्याला सगळ्यांत मऊ कापड लागते, आणि आईच्या गाठोड्यात सुती असे फारसे काही उरले नव्हते. आता घरात लुगडे नेसणारी तीच एकटी. धोतर नेसणारे तर कुणीच नाही. तेव्हा आईने ट्रंकेकडे बोट केले. त्या ट्रंकेत अण्णांची चार धोतरे आणि त्यांचा गळाबंद कोट होता.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मोंढ्यातल्या एका आडतीवर मुनीम होते. आमच्याकडचा मोंढा हळदीचा. उन्हाळ्यात हंगाम सुरू झाला की पोत्यांच्या थप्प्या लागत, हवेत पिवळी धूळ तरंगे आणि ती घरी अण्णांच्या धोतरावर बसून येई. ते धोतर धुताना साबण लागला की लालभडक होई आणि खळबळले की पुन्हा पिवळे. क्षाराने हळद लाल होते हे मला शास्त्राच्या तासाच्या कितीतरी आधी न्हाणीघरात कळले होते. हळदीचा डाग साबणाने जात नाही. तो घालवते ऊन. दोरीवर वाळत घालून घालून वरची बाजू पांढरी होई, पण निऱ्यांच्या घड्यांत पिवळी झाक राही. अण्णांना जाऊन पाच वर्षे झाली होती. ट्रंकेतली धोतरे उलगडली तर ती झाक जशीच्या तशी होती.

नेमकी त्याच वेळी माझी थोरली बहीण, आक्का, वसमतहून आली होती. तिने आईच्या मांडीवर धोतर आणि माझ्या हातात कात्री पाहिली मात्र, ती मधेच येऊन बसली.

"अण्णांची म्हणून एवढीच वस्तू उरलीय," ती म्हणाली. "तिला कात्री लावायची?"

कुणी काही बोलेना. वेळ जावा म्हणून आमच्या लेकीने मोबाईलवर कुठेसे वाचलेली एक हकीकत सांगितली. अमेरिकेत अलाबामा प्रांतात गीज बेंड नावाची नदीच्या वळणातली एक वस्ती आहे. तिथल्या काळ्या शेतमजूर बायका पिढ्यान्‌पिढ्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या आहेत. त्यांतली मिसूरी पेटवे नावाची एक बाई. नवरा वारला तेव्हा तिने त्याचे शेतात घालायचे कपडे घेतले आणि १९४२ साली त्यांची गोधडी केली. त्याची आठवण राहावी म्हणून, आणि पांघरता यावी म्हणून. पुढे २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात गीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले, मग न्यूयॉर्कला भरले; २००६ साली तर तिथल्या टपालखात्याने त्या गोधड्यांची तिकिटे काढली.

आईला प्रदर्शनाचे काही वाटले नाही. तिने एवढेच विचारले, "त्या बाईकडं पण थंडी असते का?"

आक्का मात्र वकिलाच्या घरी दिलेली. ती म्हणाली, "ती बाई स्वतः पांघरत होती, ते निराळं. हे तान्ह्या लेकराच्या अंगाखाली जाणार. लेकरू त्यावर काय करील, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "तूही केलंस. त्यांच्याच धोतरावर."

लेक हसली, सौ. हसली. आक्काचे डोळे भरून आले आणि ती हसलीही. आई धोतराची कड चाचपत राहिली. "पेटीत ठेवून कसरीला घालायचं, का घरात फिरतं ठेवायचं? तू सांग. तू म्हणशील तसं."

मला वाटते, वस्तू जपण्याच्या रीती दोनच. एक कुलपाची आणि दुसरी वापराची. कुलपात ठेवलेले कापड शाबूत राहते आणि हळूहळू त्याची भीती वाटू लागते. आपण ते उलगडत नाही, नुसते आहे एवढे ठाऊक असते. वापरातले कापड रोज हाती लागते आणि रोज थोडे झिजते. आक्काला अण्णा जसेच्या तसे राहायला हवे होते. आईला ते घरात हवे होते. या दोन इच्छांपैकी खोटी कोणती हे मला तेव्हा ठरवता येत नव्हते, आणि आजही मी त्या भानगडीत पडत नाही. एवढे मात्र त्या दिवशी ध्यानात आले, की घरी हाताने वस्तू करण्यातला कठीण भाग सुईचा नसतो. तो कात्रीचा असतो. टाका वाकडा पडला तर उसवता येतो. कापलेले धोतर पुन्हा धोतर होत नाही.

आक्काने माझ्या हातातून कात्री घेतली. "तुझी कात्री वाकडी चालते," असे काहीतरी म्हणाली. जुने सुती कापड खरे म्हणजे कापावे लागत नाही. कडेला जरा चीर दिली की ते सुताच्या रेषेत आपोआप सरळ फाटत जाते. आक्काने चीर दिली आणि थांबली. तेव्हा आईने दुसरी बाजू धरली. मायलेकींनी मिळून ते धोतर या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडले. आवाज झाला तेवढाच. त्यातून हळदीची धूळ काही उडाली नाही, वासही आला नाही. पाच वर्षांच्या डांबराच्या गोळ्यांपुढे हळद काय टिकणार? पण रंग होता.

पिवळी झाक असलेले तुकडे आईने मुद्दाम मधल्या थरात घातले. वर आणि खाली पांढरे. असे का, म्हणून मी विचारले, तर म्हणाली, "वर घातलं तर ऊन खाईल." साठ वर्षे तिने ते धोतर उन्हात घालून पांढरे केले होते, आणि आता तीच हळद ती उन्हापासून लपवीत होती. पुढचे चार दिवस आम्ही तिघे एका दुपट्याच्या तीन कडांना बसून शिवत होतो. त्यावर आजही बोट फिरवून सांगता येते: थरथरते, पण एकाला एक लागून आहेत ते आईचे टाके, इतके बारीक आणि घट्ट, की जणू कुणी ओढून नेणार आहे, ते आक्काचे, लांब आणि सरळ ते माझे. चारपैकी दोन धोतरे लागली. एक आक्का वसमतला घेऊन गेली, कोटासकट. एक आईच्या उशाशी असते.

दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी नात झाली. तिने दुपट्याचे जे करायचे ते पहिल्या तासातच केले. तेव्हापासून ते रोज धुतले जाते, रोज दोरीवर वाळते, रोज थोडे अधिक मऊ होते. उन्हाळ्यात लेक पुण्याला गेली तेव्हा दुपटे तिच्याबरोबर गेले आणि आता दिवाळीला परत आले आहे. पोरगी रांगू लागली आहे. दुपट्याचा कोपरा तोंडात धरून ओढत नेणे हा तिचा हल्लीचा मुख्य व्यवसाय. त्यामुळे तो कोपरा विरून फाटला आहे आणि आतला पिवळा थर तेवढा डोकावू लागला आहे.

परवा आईने तो कोपरा चाचपला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "ठिगळ लागेल. सुती बघ काहीतरी."

माझे कपाट मी उघडून बसलो आहे. सदरे पुष्कळ आहेत. पण निम्म्याहून अधिक टेरीकॉटचे, तान्ह्याच्या तोंडात न जावे असे. शेवटी तळाशी एक सापडला. सुती, फिकट निळा, कोपरांवर झिजलेला. शाळेतल्या माझ्या शेवटच्या वर्षांतला. बाहीच्या टोकाला खडू घासून घासून पांढुरकी पट्टी उमटली आहे, ती धुऊन गेलेली नाही. अजून चार वर्षे घरात सहज वापरता आला असता. मी तो आईपुढे ठेवला. तिने पाठीचे कापड दोन बोटांत धरून पाहिले, बाही पाहिली आणि मान हलवली.

"चालेल," ती म्हणाली. "कात्री आण."